चेहरा म्हाताऱ्याचा, हात विशीतले: हाँगकाँग–व्हँकुव्हर विमानातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विमानतळाच्या गेटवर नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना डॉक्स चेक, म्हणजे प्रवाशाचे कागद तपासणं, शिकवायची वेळ आली, की नियमांची फाइल मी दुसऱ्या दिवशी काढतो. पहिल्या दिवशी हे प्रकरण सांगतो. पोरं हसतात, कारण प्रकरण आहेच तसं. हसून झाल्यावर एखादी विचारते, ‘पण सर, त्याचा पासपोर्ट कुणी उघडलाच नाही का?’ खरा तास तिथून सुरू होतो.

२९ ऑक्टोबर २०१०. एअर कॅनडाचं एसी ०१८ हे विमान हाँगकाँगहून व्हँकुव्हरला निघालं. निघताना त्यात टोपी-चष्मा घातलेला एक गोरा म्हातारा बसला होता. व्हँकुव्हरला उतरताना त्याच्या जागी विशीतला एक आशियाई तरुण होता. कॅनडाच्या सीमा सेवा विभागाने यावर आपल्या अधिकाऱ्यांसाठी एक अंतर्गत इशारा काढला, तो सीएनएनच्या हाती लागला आणि आठवडाभरात मुखवट्याचे फोटो जगभर झाले. त्या तरुणाचं नाव इथे येणार नाही. त्याने आश्रय मागितला होता, आणि अशा माणसाचं नाव न घेणं हाच रिवाज बरा.

त्या वेळची हवाही लक्षात घ्यायला हवी. ऑगस्ट २०१० मध्ये ‘सन सी’ नावाचं जहाज ४९२ श्रीलंकन तमिळ आश्रयार्थींना घेऊन ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याला लागलं होतं. ‘मागच्या दाराने’ येणाऱ्यांवरून कॅनडात वातावरण तापलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात माँट्रियल विमानतळावरचा एक व्हिडिओ गाजला. त्यात लंडनच्या विमानात चढणाऱ्या बुरखाधारी स्त्रियांचा चेहरा न पाहताच त्यांना पुढे सोडल्याचं दिसत होतं, आणि मंत्र्यांना चौकशीची घोषणा करावी लागली. ज्यांना विमानात घ्यायचं नाही अशांची यादी कॅनडाने २००७ मध्ये सुरू केली होती. यादी नावांची, म्हणून नाव आणि माणूस एकच आहे हे बघायचं काम विमान कंपनीच्या गेटवरच्या माणसावर आलं. चेहरा बघायचा की नाही, यावर तीन वर्षांनंतरही वाद चालू होता.

प्रवाशाची ओळख कुठे कुठे तपासतात

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमानतळावर चार वेळा ओळख तपासतात म्हणजे चौपट खात्री. प्रत्यक्षात त्या चारही जागी प्रश्न वेगवेगळे असतात.

चेक-इन काउंटरवरचा माणूस पासपोर्ट-व्हिसा बघतो, कारण चुकीच्या कागदांवर माणूस पोचवला तर भुर्दंड कंपनीला पडतो. कॅनडाच्या नियमांत अशा प्रवाशामागे ३,२०० डॉलरचं प्रशासकीय शुल्क आहे, शिवाय परत नेण्याचा खर्च वेगळा. पासपोर्ट कंट्रोलवरचा अधिकारी बघतो तो माणूस देश सोडतोय का, सोडू शकतो का. तो कोणत्या विमानात बसणार, हा त्याचा दुय्यम प्रश्न. सुरक्षा तपासणीवाल्याला नावाशी देणंघेणं नाही, त्याला वस्तू हव्यात: चाकू, द्रव, स्फोटक. उरलं गेट. बोर्डिंग पास, पासपोर्ट आणि चेहरा या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हातात एकाच क्षणी येतात ती जागा बहुतेक वेळा हीच.

आणि नेमकं गेटच सगळ्यांत घाईचं. विमान सुटायला पंचवीस मिनिटं, रांग वळणावरून मागे गेलेली, कानात वॉकी-टॉकीवर ‘किती राहिले, किती राहिले’. डाव्या हाताने पास स्कॅनरवर, उजव्या अंगठ्याने पासपोर्टचं फोटोचं पान. एका माणसामागे चार सेकंद मिळाले तर नशीब. आईबाप, मूल, बाळाची गाडी असं कुटुंब आलं की पासपोर्टचा गठ्ठाच हातात येतो आणि चेहरे कमरेच्या उंचीवर असतात.

घडलं काय

इशाऱ्यातल्या वर्णनावरून क्रम असा लागतो. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी सुरुवातीलाच एक म्हातारा गोरा प्रवासी पाहिला होता. वेगळं वाटावं अशी एकच गोष्ट होती: त्याचे हात तरुण दिसत होते. पुढे प्रवासात तो शौचालयात गेला आणि बाहेर आला तो विशीतला मुलगा. ही खबर कंपनीच्या सुरक्षा विभागामार्फत कॅनडाच्या सीमा अधिकाऱ्यांकडे गेली.

व्हँकुव्हरला विमानाच्या दारातच अधिकारी उभे होते. तरुणाला बाजूला घेतलं आणि त्याने लगेच निर्वासित म्हणून आश्रयाचा अर्ज केला. आपल्याकडे एकच बॅग आहे असं तो म्हणाला, पण कर्मचाऱ्यांनी त्याच्याच वाटणाऱ्या आणखी दोन आणून दिल्या. एकीत त्याचे कपडे, दुसरीत हातमोज्यांचा जोड, तिसरीत वेषांतराचं सामान: डोकं आणि मान झाकणारा सिलिकॉनचा मुखवटा, तपकिरी चामडी टोपी, चष्मा, पातळ तपकिरी स्वेटर. अधिकाऱ्यांनी त्याला मुखवटा चढवून दाखवायला लावला. चढवल्यावर तो अगदी खरा म्हातारा वाटत होता, चालण्या-हलण्यातही, अशी कबुली त्यांनीच लिहून ठेवली आहे.

तो विमानात चढला कसा, याबद्दल अधिकाऱ्यांचा कयास असा: १९५५ साली जन्मलेल्या एका अमेरिकन नागरिकाचं या विमानाचं तिकीट होतं. त्याने रीतसर चेक-इन केलं आणि आत, निर्गमन भागात, आपला बोर्डिंग पास या तरुणाला दिला. गेटवर ओळख म्हणून तरुणाने दाखवलं ते एरोप्लॅन कार्ड, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंट्सचं सभासद कार्ड. त्यावर फोटो नसतो. कंपनीने मात्र सांगितलं, की हाँगकाँगला उड्डाणापूर्वी ओळखीच्या अनेक तपासण्या होतात, त्यांत सरकारी पासपोर्ट तपासणीही आहे.

दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. ती एकत्र ठेवली की दोष कुठे ते दिसतं.

नेमकी अडचण

मुखवट्याने सगळ्यांची बुद्धी इतकी दिपवली, की बातम्या मुखवट्याच्याच झाल्या. तो कुठे मिळतो, किती डॉलरला, किती हुबेहूब. माझ्या मते यात मुखवटा दुय्यम होता. मुख्य गोष्ट होती कागदाचा एक तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाणं.

पासपोर्ट कंट्रोलनंतर हाँगकाँगसारख्या मोठ्या विमानतळावर शेकडो विमानांचे प्रवासी एकाच भागात फिरतात. टोकियोचा, मनिलाचा, व्हँकुव्हरचा, सगळे एकाच नूडल्सच्या दुकानात. प्रत्येकाची तपासणी झालेली, प्रत्येकाकडे कसला ना कसला खरा पास. इथे दोघांनी पास बदलले तर आधीची प्रत्येक तपासणी तांत्रिकदृष्ट्या बरोबरच राहते. अमेरिकन माणूस खरोखर अमेरिकन होता, त्याचा पासपोर्ट खरा, तिकीट खरं. गेटआधीच्या कुठल्याच टेबलावर चूक झाली नव्हती. चूक टेबलांच्या मधल्या अंतरात होती.

आता वयाकडे बघा. पासचा मालक तेव्हा ५५ च्या आसपासचा. मुखवट्यातला म्हातारा त्याहून पुष्कळ थकलेला. मुखवटा त्या अमेरिकन माणसाच्या तोंडावरून बेतलेला नव्हता, बाजारात मिळणारा तयार चेहरा होता तो. म्हणजे गेटवर कुणी खरोखर पासपोर्ट मागून फोटो आणि जन्मसाल पाहिलं असतं, तर हे वेषांतर तिथेच उघडं पडायला हवं होतं. पण बोर्डिंग पासवर जन्मतारीख नसते, सभासद कार्डावरही नसते. त्या दोन कागदांवर फक्त एक पाश्चात्त्य नाव होतं आणि समोर एक पाश्चात्त्य चेहरा.

पासपोर्टशी जुळावा म्हणून हा मुखवटा घेतलाच नव्हता, असं मला वाटतं. पासपोर्ट मागितलाच जाऊ नये म्हणून घेतला होता. वाकून चालणाऱ्या, टोपीतल्या, चष्म्यातल्या म्हाताऱ्याला कोण अडवतं? आपल्याकडे तर ‘आजोबा, राहू द्या, या तुम्ही पुढे’ म्हणत रांगेतून पुढेच घेतात. चांगुलपणाचीच फट होती ती, आणि ती दाखवून दिल्यावर बंद कशी करायची हे मलाही दरवेळी पोरांना सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसाशी खेकसून वागा, असं शिकवायचं का?

बघितलं असतं तरी दिसलं असतं का

पासपोर्ट उघडला असता तर पकडला गेला असता, असं वर म्हटलं. ते जरा जपून घ्यायला हवं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर एक प्रयोग झाला. समोर जिवंत माणूस आणि हातात फोटो, दोन्ही एकाचेच का ते सांगायचं. भलत्याच माणसाचा फोटो असताना १४ टक्के वेळा त्यांनी ‘तोच आहे’ म्हणून पास केलं. नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झाल्या, असंही दिसलं नाही. ही माणसं पोटापाण्यासाठी हेच काम करतात. ओळखीचा चेहरा आपण गर्दीत, अंधारात, पाठमोराही ओळखतो. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत आपण जवळजवळ आंधळे असतो, आणि वाईट हे, की आपल्याला तसं वाटत नाही.

मुखवट्याचंही तसंच. २०१० मध्येच अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका गोऱ्या चोराने कृष्णवर्णीय माणसाचा सिलिकॉन मुखवटा घालून बँका लुटल्या. पोलिसांनी भलत्याच एका कृष्णवर्णीय तरुणाला धरलं, आणि कॅमेऱ्यातले फोटो पाहून त्याच्या आईलाही तो आपलाच मुलगा वाटला. आई चुकते तिथे गेटवरचा पोरगा कुठे पुरा पडणार.

विमानातले पर्याय

कर्मचाऱ्यांसमोर निर्णयाच्या दोन वेळा आल्या. पहिली, हात दिसले तेव्हा.

तेव्हा काय करता आलं असतं? ‘तुमचे हात तुमच्या चेहऱ्याला शोभत नाहीत’ हा काही विचारण्याचा प्रश्न नव्हे. चेहरा भाजलेला असू शकतो, त्वचेचा आजार असू शकतो, शस्त्रक्रिया झालेली असू शकते. अशा माणसाला अडवून अपमान केला तर तक्रार रास्तच ठरेल. दार बंद होण्याआधी शंका आली असेल, तर मात्र एक साधी वाट असते: गेटला कळवून त्या आसनाच्या प्रवाशाचे कागद पुन्हा बघायचे. त्यासाठी प्रवाशाला उठवावंही लागत नाही. ‘सीट अमुकचे डॉक्स एकदा बघता का’ एवढं सांगितलं की पुरे. दार बंद झाल्यावर हीच शंका महाग होते. परत फिरायचं म्हणजे माणसाला खाली उतरवायचं, त्याचं सामान विमानाच्या पोटातून शोधून काढायचं, उड्डाणाची ठरलेली वेळ घालवायची. हात तरुण दिसतात म्हणून एवढं करायला कॅप्टनला कोण सांगणार?

दुसरी वेळ, शौचालयातून वेगळाच माणूस बाहेर आला तेव्हा. आता शंका उरली नव्हती. खाली पॅसिफिक, प्रवास अकरा-बारा तासांचा. त्याला तिथेच जाब विचारायचा, विमान वाटेत कुठेतरी उतरवायचं, किंवा काही न दाखवता नजर ठेवून जमिनीवर निरोप द्यायचा. जाब विचारला आणि तो बिथरला तर बंद नळीत सगळेच अडकलेले. विमान वळवायचं तर त्याने कुणाला धमकावलेलं नाही, काही हातात घेतलेलं नाही. त्यांनी निरोप देण्याची वाट धरली. मी तिथे असतो तर तेच केलं असतं. मुखवटा काढलेला माणूस मुखवट्यातल्या माणसापेक्षा कमी धोक्याचा असतो, हे त्या क्षणी ओळखायला डोकं थंड लागतं. ज्याला घातपात करायचा आहे तो ऐन मध्यावर तोंड धुऊन स्वच्छ कपड्यांत जागेवर येऊन कशाला बसेल?

परिणाम

तरुणाला ताब्यात ठेवण्यात आलं, कारण तो नेमका कोण हे ठरवायचं होतं. त्याचा अर्ज निर्वासितांच्या नेहमीच्या प्रक्रियेत गेला. फोटो बाहेर फुटले याबद्दल त्याच्या वकिलांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती मला पटते. सरकारी कागद फुटल्याने करमणूक जगाची झाली, जोखीम त्या एकट्याच्या वाट्याला आली.

२०११ मध्ये कॅनडाने नियम कडक केले. प्रवाशाचा पूर्ण चेहरा ओळखपत्राशी ताडून बघायचा, आणि ओळखपत्रावरच्या जन्मतारखेशी वय जुळत नसेल तर विमानात घ्यायचं नाही. बुरख्याचा वाद आणि हे प्रकरण, दोन्ही पाठोपाठ आले होते. नियम चांगलाच. पण त्यातला ‘चेहरा’ सिलिकॉनचाही असू शकतो, आणि वय जुळतं का ते बघायला जन्मतारीख असलेलं ओळखपत्र आधी हातात यावं लागतं. सगळं परत त्या चार सेकंदांवर येऊन थांबतं.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती बातम्यांत हरवली. तरुण चढला ते सुरक्षा तपासणी करून. त्याच्याजवळ हत्यार नव्हतं. ओळख खोटी असून विमान सुरक्षित पोचलं. याच्या उलटही घडलेलं आहे: ११ सप्टेंबर २००१ चे अपहरणकर्ते आपापल्या खऱ्या नावांनी चढले होते, ओळखपत्रं दाखवून. आणि ८ मार्च २०१४ ला बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० मध्ये दोन इराणी तरुण चोरीच्या पासपोर्टांवर बसले होते. एक पासपोर्ट ऑस्ट्रियाचा, एक इटलीचा. दोन्हींची नोंद इंटरपोलच्या यादीत होती, पण यादी कुणी उघडून पाहिली नव्हती. दोनचार दिवस जगाने त्या दोघांना दहशतवादी ठरवलं. ते निघाले होते युरोपात आश्रय मागायला. ओळख-तपासणी घुसखोर पकडायला बऱ्यापैकी उपयोगी आहे, घातपाती पकडायला फार थोडी. ती सुरक्षेच्या नावाखाली करतो म्हणून आपला घोळ होतो.

आपल्याकडे

भारतात टर्मिनलच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. परदेशातून आलेल्यांना याचं नवल वाटतं. दार राखलं जातं हे खरं, पण अदलाबदल दाराच्या आत होते. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर एका श्रीलंकन आणि एका जर्मन प्रवाशाने शौचालयात बोर्डिंग पास बदलले. एक तिकीट लंडनचं, दुसरं काठमांडूचं. मुखवटा नाही, चामडी टोपी नाही. तेरा वर्षांनी तीच युक्ती, फक्त नाटकाविना. उघड झाली ती पासपोर्टावरच्या शिक्क्याचा संशय आल्यामुळे, म्हणजे चेहरा बघून नव्हे, शाई बघून.

चेहरा ओळखून विमानतळावर आत सोडणारी डिजियात्रा ही व्यवस्था डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिने चेहरा थेट बोर्डिंग पासला बांधला, त्यामुळे नुसता कागद दुसऱ्याच्या हातात देऊन भागत नाही. इलाज मुळावरचा आहे. अडचण अशी, की ती देशांतर्गत प्रवासाला आहे आणि पास बदलण्याचा सगळा मोह आंतरराष्ट्रीय गेटवर आहे. शिवाय ती ऐच्छिक. ज्याला लपायचं आहे तो बाजूच्या साध्या रांगेत उभा राहील.

काय वेगळं करता आलं असतं

हाँगकाँगच्या गेटवर एकच गोष्ट: फोटो नसलेलं कार्ड ओळख म्हणून न घेणं. बाकी सगळं त्यानंतरचं. मी पोरांना सांगतो, माणूस कितीही म्हातारा असो, व्हीलचेअरवर असो, पासपोर्ट त्याच्याच हातून घ्या, सोबतच्याकडून नको. आणि परत देताना नावाने हाक मारा: ‘काका, जोशी ना तुम्ही?’ दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायला माणसाला अर्धा क्षण जास्त लागतो. हे काही शास्त्र नव्हे, गेटवरची सवय आहे.

दिल्लीत सप्टेंबर २०१९ मध्ये असाच एक ‘आजोबा’ सापडला. वय वर्षं ८१ चा पासपोर्ट, न्यूयॉर्कचं तिकीट, व्हीलचेअर, पांढरे केलेले केस आणि दाढी. खरं वय ३२. तो ओळख-तपासणीत अडकला नाही. अंगझडतीसाठी सीआयएसएफच्या जवानाने उठायला सांगितलं, तो उठेना, नजर चुकवू लागला, आणि जवानाला त्याची कातडी दिसली. ८१ वर्षांच्या माणसाची नव्हती ती.

दोन्हीकडे घात कातडीनेच केला. व्हँकुव्हरच्या इशाऱ्यात मला दरवेळी ती दुसरी बॅग अडवते. हातमोजे होते त्याच्याजवळ. हात तरुण दिसले, म्हणजे त्या वेळी तरी मोजे बॅगेतच होते.